उपदेश ऐकायला बसताना

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ सांगितला की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून मांडीवर ठेव. मोबाइलवर वाचणार असशील तर आवाज आधीच बंद कर. सांगितलेला उतारा वाचच, मागची-पुढची चार वचनंही वाच. संदर्भ तिथेच सापडतो.

बिरुया शहरातले लोक प्रत्यक्ष प्रेषित पौलाचं बोलणं उत्सुकतेने ऐकायचे आणि ते तसंच आहे का, हे रोज शास्त्रात शोधायचे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये 17:11 काढून बघ. म्हणजे शंका येणं हा अनादर नव्हे. फक्त ती शेजाऱ्याच्या कानात कुजबुजू नकोस. वहीत टिपून ठेव, उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादानंतर पाळकांना गाठून विचार. मनापासून विचारलेलं त्यांना आवडतं.

‘हे अमक्याला लागू पडतं’ असं मनात आलं, तर ते वचन आधी स्वतःला लावून बघ. सगळ्यात अवघड हेच. आणि शनिवारी रात्री लवकर झोप.