स्कायरिम या व्हिडिओ गेमसाठी हजारो मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल आणि भर, आहेत. त्यांतले चांगले कोणते, हे स्वयंसेवक कसं ठरवतात?

'स्टेप' या स्वयंसेवी प्रकल्पाचं उदाहरण घेऊ. २०११ साली आलेल्या स्कायरिमसाठी ही मंडळी मॉड तपासतात आणि निवडक मॉडचं मार्गदर्शक बनवतात.

पहिली चाळणी हेतूची: मूळ खेळाचा बाज राखून मॉड त्यात सुधारणा करतो का? तलवार कितीही देखणी असली, तरी त्या जगात शोभत नसेल तर ती बाद. मला हा निकष फार पटतो. नुसत्या डाउनलोडच्या आकड्यावरून मॉड निवडू नये. मॉड टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, असेल तर त्याच जागेचे, त्याच उजेडातले आधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट ताडून पाहतात. फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कितीने घसरतो, तेही बघतात.

खरी कसोटी लागते ती मॉड एकत्र बसवताना. दोन मॉडनी एकाच पात्राच्या नोंदीत बदल केला, तर शेवटी लोड होणाऱ्याचं चालतं आणि आधीच्याचे बदल गुपचूप पुसले जातात. 'लूट' हे साधन लोड ऑर्डर, म्हणजे मॉड लोड होण्याचा क्रम, लावून देतं, पण दोघांचे बदल जुळवत नाही. त्यासाठी 'एक्सएडिट' या नोंदी संपादित करायच्या साधनात दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी उघडून, काय ठेवायचं ते माणूसच ठरवतो आणि वेगळा पॅच, म्हणजे जुळवणीची छोटी फाइल, बनवतो. सगळ्यात चिकाटीचं काम हेच.

तुम्ही स्वतः तपासणार असाल तर एका वेळी एकच मॉड घाला आणि नवा खेळ सुरू करा. मॉडच्या स्क्रिप्टचे, म्हणजे खेळात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे, अवशेष आधी सेव्ह केलेल्या खेळात राहतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा ते कळत नाही.