लिपिड पटल टिकत का नाही? एस-लेयरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टेफ्लॉनच्या पातळ पत्र्याला बारीक भोक पाडून त्यावर आम्ही लिपिड पटल (पेशीच्या आवरणासारखा मेदरेणूंचा पातळ पापुद्रा) चढवतो. मोजमाप रंगात आलं की पटल नेमकं फुटतं. हे आमच्या हाताचं चुकतंय, की पटलच असं असतं? – संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : हात सुधारता येतो, पण मुळात पटलच नाजूक आहे. म्युलर, रूडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये असं पटल पहिल्यांदा बनवून दाखवलं, तेव्हापासून सगळ्यांचं हेच रडगाणं आहे. त्याची जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर, म्हणजे दोन लिपिड रेणू एकमेकांच्या शेपटीला शेपूट लावून उभे राहतील तेवढी. या दोन रेणूंमध्ये रासायनिक बंध नसतो. शेपट्यांना पाणी नको असतं म्हणून त्या एकत्र येतात, इतकंच. त्यामुळे पटल द्रवासारखं वाहतं राहतं, आणि त्याच कारणाने टेबलाला धक्का लागला किंवा विद्युतदाब थोडा चढला तरी फाटतं.

तुम्हाला करता येण्यासारखं : भोक शक्य तितकं लहान ठेवा, त्याची कड भिंगाखाली तपासा आणि लिपिड विरघळवायचं डेकेन हे द्रावक बेताने वापरा. एवढं केलंत तर वेळ वाढेल. पण दिवसचे दिवस टिकणारं पटल हवं असेल तर त्याला आधारच द्यावा लागेल. जिवंत पेशीतही पटल कधी उघडं नसतं. आतून पेशीचा सांगाडा किंवा बाहेरून भिंत, काहीतरी त्याला धरून असतंच.

प्रश्न : आधार म्हणून जिवाणूंचं एस-लेयर वापरतात असं ऐकलं. पण कशावर तरी टेकवलेलं पटल गोठल्यासारखं होत नाही का? मग त्यात प्रथिनं काम कशी करणार?

उत्तर : फार नेमका प्रश्न विचारलात. या विषयाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनेक जिवाणूंच्या आणि जवळपास सगळ्या आर्कियांच्या (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव) अंगावर सर्वांत बाहेर एकाच जातीच्या प्रथिनाची, स्फटिकासारखी नियमित जाळी असते. तेच एस-लेयर. जिवाणूंमध्ये ती साधारण ५ ते १० नॅनोमीटर जाड असते आणि तिची छिद्रं २ ते ८ नॅनोमीटरची, एका जाळीत मापाला सारखी. प्रथिनाचे रेणू सुटे करून पुन्हा एकत्र आणले की ते आपले आपण ही जाळी विणतात. व्हिएन्नात उवे स्लायटर आणि त्यांच्या गटाने दशकानुदशकं याच गुणावर काम केलं, आणि तिथेच डीटमार पुम, बर्नहार्ड शूस्टर यांनी ही जाळी लिपिड पटलांना जोडली.

आता तुमची शंका. पटल थेट काचेवर किंवा सोन्यावर पसरलं तर मध्ये पाण्याचा अगदी पातळ थर उरतो. पटलातून खाली डोकावणारी मोठी प्रथिनं पृष्ठभागाला घासतात आणि अडकतात. एस-लेयरचं तसं नाही. जाळीचा प्रत्येक घटक लिपिडांच्या पाण्याकडे वळलेल्या डोक्यांना मोजक्याच जागी, मुख्यतः विद्युतभाराच्या ओढीने धरतो. त्या जागेवरचे रेणू बांधले जातात, मधले मोकळे फिरतात. छिद्रांमध्ये पाणी असतं, त्यातून आयनांची ये-जा चालू राहते.

याची कसोटी ग्रॅमिसिडिनवर बघावी. या छोट्या पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनाच्या आखूड साखळीची, आयनांना वाट देणारी वाहिनी अर्धी पटलाच्या वरच्या थरात, अर्धी खालच्या थरात असते. दोन्ही अर्धे सरकत सरकत समोरासमोर आले तरच आयनांना वाट मिळते आणि विद्युतप्रवाहाच्या आलेखात एक सुबक पायरी उमटते; ते दूर झाले की पायरी पुसली जाते. लिपिड गोठलेले असते तर ही भेट झालीच नसती. एस-लेयरवरच्या पटलात ग्रॅमिसिडिनच्या एकेका वाहिनीच्या अशा पायऱ्या नोंदवल्या गेल्या आहेत. आधार मिळूनही वाहतेपण शाबूत राहतं याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. माझ्या मते एस-लेयरची खरी थोरवी मजबुतीत नाही, या हलक्या पकडीत आहे. नुसतं मजबूत करायला रसायनांनी रेणू एकमेकांना जखडूनही चाललं असतं.

प्रश्न : आमच्याकडे एसबीपीए हे एका जिवाणूच्या एस-लेयरचं प्रथिन आहे, पण जाळी तयारच होत नाही, नुसता गाळ बसतो. कुठे चुकतंय?

उत्तर : बफर फॉस्फेटचा आहे का, ते आधी बघा. एसबीपीएला जाळी विणायला कॅल्शियम लागतंच, आणि फॉस्फेट ते कॅल्शियम गाळात ओढतं. ईडीटीए या रसायनाचा अंश राहिला असेल तरी तेच, कारण तो कॅल्शियम पकडून ठेवतो. प्रथिनाची घडी उलगडणाऱ्या ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये प्रथिन सुटं करा, डायलिसिसने ग्वानिडिन पूर्ण काढा, आधीच जमलेले गोळे सेंट्रिफ्यूजने बाजूला सारा, आणि वरचं स्वच्छ द्रावण १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असलेल्या ट्रिस बफरमध्ये, पीएच ९ च्या आसपास, पटलाखाली सोडा. कॅल्शियम आधी घालून द्रावण तसंच ठेवलंत तर जाळी पटलावर न विणता पाण्यातच विणली जाते. तुमचा गाळ बहुधा तोच. शिवाय लिपिडांत थोडं धनभारित लिपिड मिसळून बघा, पकड सुधारते.

प्रश्न : निसर्गात असा नुसत्या जाळीच्या आधारावर कोणी जगतो का?

उत्तर : हो. गंधकाच्या खूप गरम, आम्लयुक्त झऱ्यांत राहणाऱ्या सल्फोलोबस या आर्कियाला दुसरी भिंतच नाही. पटलावर थेट एस-लेयर. त्याच्या पटलातले बरेच लिपिड रेणू एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग असतात, हेही त्याच्या टिकण्याचं कारण. प्रयोगशाळेत अशी लिपिडंही एस-लेयरवर चढवली गेली आहेत.

प्रश्न : नॅनोपोअरने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रातून, डीएनए वाचणाऱ्या यंत्रांत हेच पटल असतं का?

उत्तर : नाही. १९९६ मध्ये कासियानोविच आणि सहकाऱ्यांनी अल्फा-हिमोलायसिन या पटलाला छिद्र पाडणाऱ्या प्रथिनाच्या छिद्रातून डीएनए ओढून दाखवला तो साध्या लिपिड पटलात. ऑक्सफर्ड नॅनोपोअर या कंपनीच्या यंत्रांत कृत्रिम पॉलिमरचं पटल असतं, आणि डीएनए वाचायला ते पुरतं. पण औषधाचा परिणाम तपासायचा असेल तर आयनवाहिनीला (पेशीच्या पटलात आयनांना वाट देणाऱ्या प्रथिनाला) लिपिडच हवं; कित्येक वाहिन्यांचं उघडणं-मिटणं भोवतीच्या लिपिडांवर ठरतं. अल्फा-हिमोलायसिनच्या एकेका छिद्राची नोंद एस-लेयरच्या आधाराने उभ्या पटलातही झाली आहे, तेव्हा वाहिन्यांवर काम करणार असाल तर सुरुवात तिथूनच करा.