चिमूटभर लॅन्थनम

प्रश्न : सर, मी एमएस्सीला आहे, प्रोजेक्टला बेरियम टायटेनेट (बेरियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचं सिरॅमिक) मिळालंय. त्यात ०.३ टक्के लॅन्थनम हा धातू (ऑक्साइडच्या रूपात) टाकला तर पेलेटमधून, म्हणजे पावडर दाबून भाजलेल्या वडीतून, थोडातरी करंट जात होता, म्हणून म्हटलं अजून टाकू आणि थेट २ टक्के केलं तर मल्टिमीटर काहीच दाखवेना. फर्नेस बिघडलीये का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : फर्नेसला कशाला दोष देतेस, ती बिचारी बरोबर आहे. बेरियमच्या आयनवर चार्ज २ प्लस, लॅन्थनमच्या आयनवर ३ प्लस, तो बेरियमच्या जागी बसला की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो आणि तो टायटॅनियमवरून टायटॅनियमवर उड्या मारत फिरतो, तोच तुझा करंट. शुद्ध बेरियम टायटेनेटची रेझिस्टिव्हिटी हजार कोटी ओहम-सेंमीच्या घरात, आणि तेवढ्याशा लॅन्थनमने ती शंभराच्या आसपास किंवा खालीही येतो. पण साधारण अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलीस की चार्जचा हिशोब जुळवायला इलेक्ट्रॉन सुटत नाही, त्याऐवजी टायटॅनियमच्या जागा रिकाम्या राहायला लागतात, शिवाय ग्रेन, म्हणजे वडीतले स्फटिकाचे दाणे, तेसुद्धा बारीकच राहतात, वाढतच नाहीत, मग झालं, परत इन्सुलेटर. पेलेट फोडून बघ, चांगली जमलेली निळसर काळपट दिसते आणि फसलेली पिवळट पांढरी, मीटर लावायच्या आधीच कळतं.

आता दोन गोष्टी ज्या बहुतेक पोरं विसरतात. लॅन्थनम ऑक्साइडची बाटली एकदा उघडली की ते हवेतलं पाणी ओढतं आणि हायड्रॉक्साइड होत जातं, पूर्ण झालं तर १०० ग्रॅमचे ११६ ग्रॅम भरतात, म्हणजे तू ०.३ म्हणून वजन केलंस तर आत गेलं ०.२६ च. वजन करायच्या आधी ९००-१००० डिग्रीला भाजून घे आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात ठेव. दुसरं म्हणजे साधी सिल्व्हर पेस्ट लावू नकोस, चांदी आणि हा माल यांच्यामध्ये एक बॅरियर तयार होतो आणि पेलेट चांगली असूनही रेझिस्टन्स भलताच जास्त दिसतो. इंडियम-गॅलियमचा मिश्रधातू घासून लाव, मग मोज. आणि हो, नुसत्या पावडरीत प्रोब खुपसून मोजणारे पण भेटलेत मला, दाण्यादाण्यात हवा असते, त्यातून काय कळणार!

हा माल कुठे लागतो ते बघायचं असेल तर फ्रिजवाल्या मेकॅनिककडे जा. कॉम्प्रेसरच्या बाजूला जो पीटीसी रिले (तापला की रेझिस्टन्स वाढवणारा स्विच) असतो त्यात हीच वडी असते, थंड असताना करंट सोडते आणि सुरुवातीच्या झटक्यात तापून १२० डिग्रीच्या आसपास रेझिस्टन्स हजारपटीहून वर नेते, की स्टार्टिंग वाइंडिंग, म्हणजे मोटर सुरू करून देणारी कॉइल, बंद. मेकॅनिक तो रिले कानाशी धरून हलवतो, खुळखुळला की म्हणतो गेला, कारण आतली वडी फुटलेली असते.

प्रश्न : इथे अर्ध्या टक्क्यातच बिघडतं, मग झिर्कोनियात (झिर्कोनियमचं ऑक्साइड) इट्रिया (इट्रियमचं ऑक्साइड) ८ टक्के कसं काय चालतं?

उत्तर : तिथे इलेक्ट्रॉन नाही, ऑक्सिजनचा आयन पळतो. झिर्कोनियम ४ प्लस, इट्रियम ३ प्लस, त्यामुळे दर दोन इट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागांतूनच आयन सरकत जातो, तर जागा भरपूर हव्यातच. फक्त तापवावं लागतं, गार असताना तो ढिम्म हलत नाही, म्हणूनच गाडीच्या एक्झॉस्ट पाइपमधल्या झिर्कोनियाच्या ऑक्सिजन सेन्सरला आत वेगळा हीटर दिलेला असतो. आणि तिथेही ८-९ च्या पुढे गेलीस की उलटं कमीच होतं.