भावा, आधी अर्थिंग बघ

बीएसए, ती जुनी ब्रिटिश मोटरसायकल, घरात आली, झकास! पण हेडलाइट लागत नाही म्हणून लगेच नवा हार्नेस (वायरिंगचा अख्खा जुडगा) मागवू नकोस. आधी बॅटरीचं कुठलं टोक चेसीला आहे ते बघ. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत प्लस असतं. सवयीनं मायनस जोडलास, तर रेग्युलेटर (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारा डबा) जळायची भीती.

दुसरं, अर्थ, म्हणजे करंट चेसीतनं बॅटरीला परत जायची वाट. उद्यमनगरातनं पावडर कोटिंग करून आणलेली चेसी दिसते देखणी, पण त्या रंगातनं करंट जात नाही. अर्थचा बोल्ट बसतो तिथं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घास. निम्मे फॉल्ट तिथंच मिटतात.

- प्लस चेसीला असेल, तर फ्यूज मायनसच्या वायरवर, बॅटरीलगत.
- वायरी पिळून टेप गुंडाळायचा नाही. बुलेट कनेक्टर (गोळीसारख्या टोकाचा जोड) क्रिंप कर, म्हणजे पकडीनं दाबून बसव.

डायनामो, रेग्युलेटरला सध्या हात लावू नकोस. आधी हेडलाइट लागू दे, मग बोलू.