हॅरिमन यांच्याविषयी, तुझ्या शंकेच्या निमित्ताने

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. सुखवस्तू घरात वाढलेल्याला परराष्ट्र सेवेत कोणी गंभीरपणे घेईल का, ही तुझी शंका वाचली आणि अमेरिकी मुत्सद्दी ॲव्हरेल हॅरिमन आठवले.

त्यांचे वडील अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेचे सूत्रधार. 1909 मध्ये ते वारले तेव्हा सतरा वर्षांच्या ॲव्हरेलसाठी अफाट संपत्ती मागे राहिली. पुढे त्यांनी जहाजबांधणी केली, बँक चालवली, पोलोही खेळले. मार्च 1941 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना लंडनला धाडले, ते ‘लेंड-लीज’ या मित्रराष्ट्रांना मदत पुरवण्याच्या अमेरिकी योजनेतली युद्धसामग्री ब्रिटनला लवकर मिळावी म्हणून. पर्ल हार्बरची बातमी रेडिओवर आली त्या रात्री ते चेकर्स या ब्रिटिश पंतप्रधानांच्या ग्रामीण निवासस्थानी चर्चिल यांच्याच पंक्तीला होते. तिथवर पोहोचायला घराण्याचे नाव आणि ओळखी उपयोगी पडल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जहाजे आणि मालवाहतूक यांचा हिशेब त्यांना धंद्यामुळे कळत होता, आणि माझ्या मते त्यांचे खरे भांडवल तेच होते.

तू मात्र त्यांची मॉस्कोतील कारकीर्द बारकाईने पाहा. ऑक्टोबर 1943 मध्ये ते तेथे राजदूत झाले, तेव्हा स्टॅलिन यांच्याशी युद्धानंतरही जुळवून घेता येईल, अशी त्यांना आशा होती. ऑगस्ट 1944 मध्ये पोलंडमधील वॉर्सा शहर नाझींविरुद्ध उठले. शहराला रसद टाकणाऱ्या अमेरिकी विमानांना सोव्हिएत तळांवर उतरू द्यावे, म्हणून हॅरिमन यांनी रदबदली केली आणि त्यांना साफ नकार मिळाला. तोवर बाळगलेले मत चुकीचे ठरत आहे, हे त्यांनी स्वतःपासून लपवले नाही. युद्धातील दोस्ताविषयी वॉशिंग्टनला नको असलेले इशारे ते तारेने पाठवत राहिले. रूझवेल्ट यांच्या हयातीत त्या इशाऱ्यांना म्हणावे तसे वजन मिळाले नाही. एप्रिल 1945 मध्ये ते स्वतः विमानाने मायदेशी गेले आणि नव्याने अध्यक्ष झालेल्या ट्रुमन यांच्यापुढे त्यांनी तेच मांडले. नोकरीवर पोट नसलेल्या माणसाला असे स्पष्ट बोलणे सोपे जाते, हे खरे. तरीही पैसा असून मौन पाळणारेच मी अधिक पाहिले आहेत.

संशय आला म्हणून त्यांनी संवाद तोडला नाही. जुलै 1963 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, अणुचाचण्यांवरील मर्यादित बंदीचा करार ठरवायला ते पुन्हा मॉस्कोतच गेले होते.

वॉर्साविषयीच्या त्या तारा आता प्रसिद्ध झाल्या आहेत. मुलाखतीपूर्वी त्या मुळातून वाच आणि ऑगस्ट 1944 मध्ये त्यांच्या जागी तू काय कळवले असतेस, ते एका पानात मला लिहून पाठव.

तुझा शुभचिंतक