वाटणीपत्र नोंदवलं म्हणून प्लॉट वेगळा होत नाही

प्रश्न : नाशिक महापालिका हद्दीत मंजूर लेआउटमधला एक बिनशेती प्लॉट वडिलांनी 1986 मध्ये स्वतःच्या पैशांतून घेतला. क्षेत्र 450 चौ.मी., रुंदी 15 मीटर, खोली 30 मीटर, समोर 9 मीटरचा रस्ता. पुढच्या भागात जुना बंगला आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा. वडील 2019 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, मी, भाऊ आणि दुबईला असलेली बहीण. बंगला तसाच ठेवून मागच्या जागेचे दोन प्लॉट पाडायचे, त्यांवर घरं बांधून विकायची असा विचार आहे. एजंट म्हणतो, वाटणीपत्र नोंदवलं की झालं, काही राहिलंच तर गुंठेवारीत नियमित करू. एक गिऱ्हाईक 5 लाख टोकन द्यायला तयार आहे. घेऊ का?

उत्तर : टोकन घेऊ नका. एजंटने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

वाटणीपत्राने कोणता हिस्सा कोणाचा एवढंच ठरतं. नगररचनेच्या हिशेबी तो 450 चौ.मी.चा एकच प्लॉट राहतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये 'विकास' या संज्ञेत जमिनीची उपविभागणीही येते, म्हणून त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागाची परवानगी लागते. ती नसताना दस्त नोंदला गेला, तरी तुमच्याकडून घेणारा बांधकाम परवानगीला गेला की तिथे अडतो, बँक त्याला कर्ज देत नाही आणि पैसे परत मागायला तो तुमच्याच दारात येतो. गुंठेवारीचा कायदा 31 डिसेंबर 2020 पर्यंत पडलेल्या अनधिकृत प्लॉटांसाठी आहे. आज पाडलेला तुकडा त्यात बसणार नाही. तुकडेबंदीची, म्हणजे ठराविक मापापेक्षा लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याची, भीती कोणी घातली असेल तर तीही सोडा. मंजूर लेआउटमधल्या बिनशेती प्लॉटला ती लागत नाही.

तुमची खरी अडचण मापात आहे. मागे प्लॉट पाडायचा तर त्याला स्वतःचा रस्ता हवा. लेआउटमधला अंतर्गत रस्ता साधारण 9 मीटरचा लागतो, आणि तुमच्या बंगल्याशेजारी आहेत दोन मीटर. त्यातून गाडीसुद्धा धड जाणार नाही. शिवाय त्या दोन मीटरचा रस्ता केला की बंगल्याचं त्या बाजूचं सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) जातं, आणि नियमात असलेला बंगला तुमच्याच प्रस्तावामुळे नियमाबाहेर पडतो. म्हणजे बंगला ठेवून मागे विकण्यासाठी प्लॉट, हा विचार इथेच संपतो.

बंगला पाडायची तयारी असेल तर रस्त्याला लागून उभे दोन भाग पडतात, प्रत्येकी 7.5 बाय 30 मीटर. दोन स्वतंत्र घरं बांधताना बाजूचं अंतर दीड मीटर धरलं, तर घराला रुंदी उरते साडेचार मीटर. मधली भिंत सामाईक ठेवून जोडघर केलं तर सहा मीटर मिळते, आणि राहण्याजोगं घर सहा मीटरमध्येच होतं. तेव्हा आर्किटेक्टला जोडघराचाच नकाशा काढायला सांगा. लेआउटला सोडाव्या लागणाऱ्या 10 टक्के मोकळ्या जागेची काळजी नको, तो नियम 4,000 चौ.मी.पासून पुढे आहे.

पण प्लॉट पाडून बांधकामाचं क्षेत्र वाढत नाही, हे आधी लक्षात घ्या. मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) 1.1, म्हणजे 495 चौ.मी. प्लॉट एक असो वा दोन, आकडा तोच. अधिमूल्य (प्रीमियम) भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जमिनीचा हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन तो वाढवता येतो. म्हणून माझं मत असं, की विकायचंच असेल तर उपविभागणीच्या मागे न लागता एकाच प्लॉटवर पाच-सहा सदनिकांची इमारत करा. पाचचा आकडा महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1970 खाली, प्रत्येक सदनिकेची स्वतंत्र मालकी देता यावी म्हणून, घोषणापत्र करायला किमान पाच सदनिका लागतात. तीन किंवा चार बांधल्या तर घेणाऱ्याच्या हाती जमिनीचा नुसता अविभक्त हिस्सा येतो आणि विक्री जड जाते. जमीन 500 चौ.मी.च्या आत असल्याने महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची) नोंदणी लागत नाही, मोफा (महाराष्ट्राचा सदनिका विक्रीचा जुना कायदा) मात्र लागू राहतो : करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 20 टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही.

आता कागद. मृत्युपत्र नाही, म्हणून चौघांचा प्रत्येकी एक चतुर्थांश हिस्सा. नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) चारही नावं चढवा. तीच पत्रिका नीट वाचा : धारक म्हणून गृहनिर्माण संस्थेचं नाव असेल आणि वडिलांकडे फक्त भाडेपट्टा असेल, तर संस्थेच्या संमतीशिवाय काहीही हलणार नाही. जमीन भोगवटादार वर्ग-2 (सरकारने अटी घालून दिलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. नंतर भूमि अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करून मोजणी नकाशाची 'क' प्रत घ्या. जागेवरचं माप आणि कागदावरचं माप यांत अर्ध्या मीटरचा फरक निघाला, तरी 7.5 मीटरच्या भागात तो जाणवतो. उपविभागणीच करायची असेल तर महापालिकेची मंजुरी आधी आणि वाटणीपत्र तिच्यानंतर, मंजूर नकाशा जोडून. त्यावरून दोन वेगळ्या मिळकत पत्रिका निघतात.

कराचं एक सांगतो. विकण्यासाठी बांधलं की तो व्यवसाय धरला जातो. जमिनीचा भांडवली नफा आणि बांधकामाचा नफा वेगळा मोजावा लागतो, म्हणून काम सुरू करण्याआधीच सनदी लेखापालाला भेटा. भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. बहीण अनिवासी असल्याने तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला नेहमीची 1 टक्का नव्हे, बरीच जास्त करकपात करावी लागते. कमी कपातीचा दाखला तिने आयकर खात्याकडून आधीच काढून ठेवावा.

तिला दरवेळी यायला जमणार नसेल तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्या. त्यात या प्लॉटचा सर्व्हे नंबर आणि उपविभागणी, विकसन, विक्री हे अधिकार नाव घेऊन लिहा. मोघम मजकुरावर नोंदणी कार्यालयात अडवणूक होते. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका.