खाद्य बदललं तर अंड्यातल्या बलकाचा रंग खरंच बदलतो का?

हो, बदलतो, आणि तोही आठवडा-दीड आठवड्यात. बलकाला पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पक्ष्यांना स्वतःच्या शरीरात मुळापासून बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. पिवळा मका, हिरवा चारा, झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी यांत ल्युटीनसारखी हीच रंगद्रव्यं असतात. ती चरबीत विरघळतात, म्हणून बलकात उतरतात, पांढऱ्यात नाही. बलक साधारण 10 दिवसांत थरावर थर चढत भरतो. त्यामुळे पिवळ्याऐवजी पांढरा मका सुरू केला की बलक रोज थोडाथोडा फिकट होत जातो.

गर्द केशरी बलक म्हणजे जास्त प्रथिनं, हा समज मात्र कृपया सोडून द्या. कवचाचा तपकिरी रंगही कॅरोटिनॉइडचा नसतो. तो मुख्यतः कोंबडीच्या जातीवर ठरतो.

पिसांचंही बरंचसं असंच. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीसारख्या जिवांतून येतो. बंदिवासात तसं खाद्य मिळालं नाही, तर जुनी पिसं झडल्यावर नवी येतात ती फिकट. पोपट अपवाद: त्यांच्या पिसांतली लाल-पिवळी रंगद्रव्यं त्यांच्या शरीरातच बनतात.